टीव्ही ५५ इंची की ४३ इंची? कराडच्या वाचक भगिनींना उत्तर

पत्र: ताई, सादर नमस्कार. आमचा जुना ३२ इंची टीव्ही आता अर्धा काळाच दिसतो, म्हणून नवा घ्यायचाय. बजेट ४० ते ४२ हजार. दोन टीव्ही नजरेत आहेत. एक ५५ इंची, फोर-के, क्यूएलईडी, गूगल टीव्ही. कंपनीचं नाव आम्ही अलीकडेच ऐकायला लागलो. दुसरा ४३ इंची, फोर-के, नावाजलेल्या कंपनीचा. किंमत जवळपास सारखीच. दुकानदार म्हणतो, मोठा घ्या, डोळे झाकून घ्या. ऑनलाइन वाचायला बसलं तर एकाच टीव्हीला एक जण पाच तारे देतो आणि दुसरा म्हणतो पैसे पाण्यात गेले. हॉल आमचा १० बाय १४. सोफा टीव्हीपासून ९ फुटांवर. सासूबाईंचं दिवाण बाजूच्या खिडकीखाली, तिथूनच त्या दुपारपासून मालिका बघतात. मामंजींना ऐकायला कमी येतं. आमच्या ह्यांना क्रिकेट, आणि मुलगा अकरावीत आहे, त्याला गेमचा कन्सोल जोडायचाय. टीव्हीचे गुण-दोष नेमके तोलायचे कसे, सांगाल का? कृपया नाव छापू नये.

उत्तर: नमस्कार. तुम्ही हॉलचं माप, सोफ्याचं अंतर आणि सासूबाईंच्या दिवाणाची जागासुद्धा लिहिलीत, त्यामुळे निम्मं काम झालं. टीव्हीबद्दल विचारणारे बहुतेक जण फक्त मॉडेलचं नाव पाठवतात आणि “कसा आहे?” असं विचारतात. त्याला उत्तर देता येत नाही, कारण तोच टीव्ही एका घरात उत्तम असतो आणि शेजारच्या घरात डोक्याला ताप.

४० हजारांच्या टीव्हीत कंपनीने कुठे ना कुठे हात आखडता घेतलेला असतोच. तो कुठे घेतलाय ते शोधायचं, आणि ती उणीव पुढे पाच-सात हजार घालून भरून निघेल का, ते बघायचं. आवाज कमी पडला तर साउंडबार, म्हणजे टीव्हीखाली ठेवायचा लांबट स्पीकर, जोडता येतो. सॉफ्टवेअर संथ झालं तर मागे ॲप चालवणारी छोटी स्टिक लावता येते. पण पडद्याचा आकार, पॅनलचा (चित्र उमटवणाऱ्या पडद्याचा) प्रकार, उजेड आणि मागची पोर्टं, म्हणजे वायरी जोडायच्या खाचा, ही पहिल्या दिवशी जशी असतील तशीच शेवटपर्यंत राहतात. म्हणून भरून निघणाऱ्या दोषांना मी फार किंमत देत नाही. न भरून निघणारा एखादा दोष आपल्याच घराच्या वापरावर बोट ठेवत असेल, तर तो टीव्ही कितीही स्वस्त असला तरी घेऊ नये असं माझं मत आहे.

आधी आकार. ५५ इंची टीव्हीचा कर्ण साधारण १४० सेंटिमीटर. बसण्याचं अंतर कर्णाच्या दीडपट ते दुप्पट असलं की चित्र डोळ्यांत नीट भरतं, म्हणजे सात ते सव्वानऊ फूट. तुमचा सोफा ९ फुटांवर आहे, बरोबर बसतोय. ४३ इंचीचा कर्ण १०९ सेंटिमीटर, त्याची दुप्पट सात फुटांच्या जरा वर. ९ फुटांवरून तो लहानच वाटणार, आणि मामंजींना बातम्यांखालची पट्टी वाचायला पुढे सरकावं लागणार. फक्त भिंत मोजून घ्या. ५५ इंची टीव्ही सव्वाशे सेंटिमीटरच्या किंचित आत, म्हणजे चार फूट रुंद असतो आणि त्याचे पाय बऱ्याचदा दोन टोकांना असतात. जुन्या शोकेसच्या खणात तो बसत नाही, आणि हे घरी खोका आल्यावर कळलं की सुतार शोधायची वेळ येते.

दोन्ही टीव्ही फोर-के आहेत, त्याचं मात्र मनावर घेऊ नका. फोर-के म्हणजे ३८४० गुणिले २१६०, जवळपास ८३ लाख ठिपके. पण नजर चांगली असलेल्या माणसालाही ५५ इंची पडद्यावर फुल एचडी (फोर-केच्या पाव ठिपके) आणि फोर-के यांतला फरक साधारण सव्वासात फुटांच्या आत बसलं तरच नीट जाणवतो. ४३ इंचीवर तर साडेपाच फुटांच्या आत. ९ फुटांवरून तुम्हाला दिसणार आहे तो उजेड, काळ्या रंगाचा गडदपणा आणि चेहऱ्यांचा रंग. फोर-के आता या किमतीत सगळेच देतात. नेटफ्लिक्सवर ते हवं असेल तर सगळ्यात महागडा प्लॅन घ्यावा लागतो. तेव्हा त्या एका अक्षरासाठी कुणालाही जास्तीचे गुण नकोत.

खरी परीक्षा सासूबाईंच्या मालिकेची आहे. घरातला सगळ्यात जास्त वेळ टीव्ही त्याच बघतात. साध्या, म्हणजे एसडी वाहिनीच्या चित्रात फार तर ७२० गुणिले ५७६ ठिपके असतात, सव्वाचार लाखांच्याही आत. फोर-के पडदा भरायचा तर दर २० ठिपक्यांतले १९ टीव्हीला स्वतःच्या अंदाजाने भरावे लागतात. हा अंदाज आतला प्रोसेसर करतो, आणि नावाजलेल्या कंपन्यांचा अनुभव इथे खरोखर दिसतो. कच्च्या प्रोसेसरवर साडीचा काठ वितळल्यासारखा होतो, केसांच्या कडेला मुंग्या आल्यागत चित्र हलतं, आणि पडदा जितका मोठा तितकं ते डोळ्यांत खुपतं. “नवीन टीव्हीपेक्षा जुनाच बरा होता” अशी तक्रार ज्या घरांतून येते, तिथे नव्वद टक्के वेळा हेच कारण असतं असा माझा अंदाज आहे.

याच्यावर अर्धा उपाय तुमच्या हातात आहे. सेट टॉप बॉक्स एचडी आहे का बघा, आणि स्टार प्रवाह, झी मराठी, कलर्स मराठी यांपैकी सासूबाई जे बघतात त्याची एचडी वाहिनी पॅकमध्ये घ्या. मग बॉक्सच्या मागे वाकून वायर बघा. लाल, पांढरी आणि पिवळी अशी तीन तोंडांची वायर असेल तर एचडीचे पैसे भरूनही चित्र साधंच येतंय. ती काढून एचडीएमआय केबल लावा. एवढं केलं की टीव्हीला २० मधले १९ नव्हे, चारातले तीनच ठिपके भरावे लागतात, आणि दोन टीव्हींतला फरक बराच कमी होतो.

आता दुकानात जा, पण तिथे चाललेली पोपट-फुलपाखरांची डेमो फिल्म बघू नका. ती कुठल्याही टीव्हीवर सुंदरच दिसते. शिवाय शोरूममधला टीव्ही स्टोअर मोडवर असतो, उजेड आणि रंग ताणलेले. सेल्समनला सांगा, होम मोड लावा, पिक्चर मोड स्टँडर्ड करा. त्यांच्याकडे डिशचं किंवा केबलचं कनेक्शन असतंच. त्यावर एक साधी मराठी वाहिनी लावायला सांगा. सोबत पेन ड्राइव्हवर घरातल्या लग्नाचा मोबाइलवर काढलेला व्हिडिओ न्या, ज्यात ओळखीचे चेहरे आहेत आणि रात्रीच्या वरातीचाही भाग आहे. आपल्या माणसाच्या चेहऱ्याचा रंग चुकला की तो लगेच कळतो, परक्या चित्रात कळत नाही.

मग नाकासमोरून बघणं थांबवा आणि घरी दिवाण जिथे आहे तेवढं बाजूला जाऊन उभ्या राहा. हे नक्की करा, कारण तुमच्या घरात निकाल इथेच लागण्याची शक्यता आहे. या किमतीत पॅनल दोन प्रकारचे येतात. व्हीए पॅनलवर काळा रंग खरोखर काळा दिसतो, रात्री दिवे मालवून बघायला छान, पण बाजूला सरकलं की चेहरे फिकट, धुतल्यासारखे होतात. आयपीएस पॅनल बाजूनेही रंग सांभाळतं, पण अंधारात त्याचा काळा रंग राखाडी वाटतो. कंपन्या हे खोक्यावर क्वचितच लिहितात, आणि एकाच मॉडेलच्या ४३ आणि ५५ इंचीत वेगवेगळं पॅनल असू शकतं, म्हणून ४३ इंचीचा रिव्ह्यू वाचून ५५ इंची ठरवू नका. तुमच्या पायांनी चार पावलं बाजूला जाऊन जे दिसेल तेच खरं. चेहरे फारच फिकटले तर दोन वाटा आहेत: आयपीएसवाला टीव्ही शोधायचा, किंवा भिंतीला फिरता ब्रॅकेट लावून दुपारी पडदा दिवाणाकडे वळवायचा. ५५ इंचीला तो मजबूत हवा आणि भिंत विटांची हवी. “दिवाण हलवा” असं मी म्हणणार नाही. सासूबाईंची जागा त्यांची आहे.

दिवाण खिडकीखाली आहे म्हणजे दुपारचा उजेडही आलाच. या किमतीच्या टीव्हीचा उजेड साधारण अडीचशे ते साडेतीनशे निट्स (उजेड मोजायचं एकक) असतो. एचडीआर, म्हणजे जास्त उजळ आणि जास्त काळोख्या छटा दाखवणारे, चित्रपट मात्र सहसा हजार निट्सच्या हिशेबाने तयार केलेले असतात. त्यामुळे खोक्यावर एचडीआर टेन, डॉल्बी व्हिजन सगळे शिक्के असले तरी टीव्ही ते चित्र फक्त वाचू शकतो, तेवढा उजेड त्याच्यापाशी नसतो. दिवसा वेब सिरीजचे काळोखे प्रसंग बघताना कोण कुणाशी बोलतंय ते कळत नाही. हा दोष जवळजवळ सगळ्यांत आहे, म्हणून त्यासाठी एकट्या एकाला नापास करू नका, पण दोन टीव्ही शेजारी ठेवून जो जास्त उजळ दिसेल त्याला भरघोस गुण द्या. घरी आल्यावर पॉवर सेव्हिंग किंवा इको मोड बंद करा. पुष्कळ टीव्ही खोक्यातून बाहेर येतानाच तो चालू ठेवून येतात. आणि खिडकीला जाड पडदा लावा. पाचशे-हजारांच्या पडद्याने जो फरक पडतो तो दहा हजार जास्त मोजूनही कधी कधी पडत नाही.

क्यूएलईडी या शब्दावर दुकानदाराचा भर असेल. त्याने रंग जास्त गडद आणि शुद्ध होतात, हे खरं आहे. पण मागचा दिवा एलईडीचाच असतो, त्यामुळे काळा रंग जास्त काळा होत नाही आणि उजेडही आपोआप वाढत नाही. खऱ्या काळ्या रंगासाठी मागचे दिवे भागाभागाने मंद करणारं लोकल डिमिंग लागतं, आणि ते या किमतीत सहसा नसतं. क्यूएलईडी हा गुण आहे, पण दहापैकी एक-दीड गुणाचा.

क्रिकेटसाठी १२० हर्ट्झ, म्हणजे सेकंदाला १२० वेळा चित्र बदलणारं पॅनल, हवंच असं नाही. आपल्याकडचं टीव्ही प्रसारण ५० हर्ट्झचं आहे, ६० हर्ट्झचं पॅनल त्याला पुरतं. “१२० एमईएमसी” असं लिहिलेलं दिसलं तर विचारा, पॅनल खरोखर १२० हर्ट्झचं आहे की ६० च्या पॅनलवर मधली चित्रं भरून काढलेली आहेत? बहुतेक वेळा दुसरंच असतं. हे एमईएमसी घरी कमीवर ठेवा. जास्त केलं की सिनेमाही घरगुती व्हिडिओसारखा सुळसुळीत दिसायला लागतो आणि चेंडूच्या कडेला झालर येते. दुकानात तपासायचं तर बातम्यांची सरकती पट्टी बघा. अक्षरं न फाटता वाचता आली की क्रिकेट नीट दिसेल. मुलाच्या कन्सोलसाठी ६० हर्ट्झ आणि गेम मोड पुरे. तो मोड लावला नाही तर बटण दाबणं आणि पडद्यावर हालचाल होणं यांत अंतर पडतं, एवढं त्याला सांगून ठेवा.

एचडीएमआय पोर्टं मोजा. तुमच्या घरी सेट टॉप बॉक्स एक, कन्सोल दोन, साउंडबार तीन. म्हणजे तीन हवीतच, चार असली तर सोनं. त्यातलं एक एआरसी किंवा ईएआरसी (टीव्हीचा आवाज बाहेर पाठवणारं) लिहिलेलं असायला हवं, साउंडबार तिथेच लागतो. दोनच पोर्टांचा टीव्ही तुमच्या घराला चालणार नाही, मग तो कुणाचाही असो.

आवाज दोन्हींचा जेमतेमच असणार. पडदे पातळ झाले, स्पीकर खाली तोंड करून बसवलेले असतात, आणि मालिकेतलं पार्श्वसंगीत संवादावर चढतं. मामंजी आवाज वाढवतील, अभ्यासाला बसलेला मुलगा वैतागेल. २० वॉट की ३० वॉट यावर टीव्ही निवडू नका. पाच-सात हजार बाजूला ठेवा आणि संवाद स्पष्ट करणारा मोड असलेला साधा साउंडबार घ्या. खोक्यावरच्या डॉल्बी ॲटमॉसच्या शिक्क्यासाठी एक रुपयाही जास्त देऊ नका.

स्मार्टपणाचं सांगायचं तर, २ जीबी रॅम आणि १६ जीबी साठवण असलेला टीव्ही आज चपळ वाटेल, दोन-तीन वर्षांनी ॲप उघडायला वेळ घेईल. हा दोष भरून निघणारा आहे, तेव्हा त्यावर अडून बसू नका. एकच गोष्ट तपासा: गूगल टीव्ही अधिकृत आहे का. काही स्वस्त टीव्हींवर नुसतं अँड्रॉइड घातलेलं असतं, त्यावर नेटफ्लिक्ससारखी ॲप एक तर चालत नाहीत किंवा धूसर चालतात. टीव्ही पहिल्यांदा चालू केल्यावर तुम्ही काय बघता याची माहिती पाठवण्याची परवानगी तो मागेल. ती नाकारली तरी टीव्ही तसाच चालतो.

आता ते पाच तारे आणि पाण्यात गेलेले पैसे. दोघंही खोटं बोलत नसतील. पाच तारेवाल्याने टीव्ही आला त्याच संध्याकाळी लिहिलेलं असतं. त्यात डिलिव्हरी वेळेवर झाली आणि डब्यावर ओरखडा नव्हता, एवढंच कळतं. एक तारावाल्याला बहुधा फुटका नग मिळालेला असतो. तुम्ही दोन आणि तीन तारेवाले वाचा, आणि त्यातही ज्यांनी सहा महिन्यांनी, वर्षाने परत येऊन लिहिलंय ते. एकच तक्रार पुन्हा पुन्हा येते का बघा. पडद्यावर गोल पांढरे ठिपके येत असतील तर मागच्या दिव्यांवरची भिंगं सुटलेली असतात. दुरुस्ती होते, परवडतेही. उभ्या रेघा बऱ्याचदा पॅनलच्याच असतात, आणि वॉरंटी संपल्यावर पॅनल बदलायचं म्हणजे जवळपास नव्या टीव्हीचे पैसे. रेघांच्या तक्रारी ढिगाने दिसल्या तर ते मॉडेल सोडून द्या. जुन्या रिव्ह्यूमधल्या किमती मात्र धरू नका. २२ सप्टेंबर २०२५ पासून ३२ इंचांवरच्या टीव्हीवरचा जीएसटी २८ वरून १८ टक्क्यांवर आलाय. तेव्हा ४० हजारांना मिळणारा टीव्ही, मूळ दर तोच राहिला असेल तर, ३७ हजारांच्या आत यायला हवा. हे दुकानदारापाशी बोलून दाखवा.

नव्या कंपनीच्या टीव्हीबद्दल माझी सगळ्यात मोठी शंका सर्व्हिसची आहे, आणि ती तुम्ही घरबसल्या फेडू शकता. घेण्याआधी कंपनीच्या टोल फ्री नंबरवर फोन करा, कराडचा पिनकोड सांगा आणि विचारा, माणूस कुठून येणार, किती दिवसांत येणार. कराड किंवा सातारा म्हणाले तर ठीक. कोल्हापूर म्हणाले तर वाट बघायची तयारी ठेवा. पुण्याहून येईल म्हणाले, किंवा फोनच कुणी उचलला नाही, तर तो टीव्ही तुमच्यासाठी नाही. बिलावर मॉडेल आणि सीरियल नंबर लिहून घ्या. खोका तंत्रज्ञासमोर उघडा, उघडताना मोबाइलवर शूटिंग करा, आणि लाल, हिरवा, निळा, पांढरा, काळा असे एकरंगी पडदे लावून मेलेला, म्हणजे रंग न बदलणारा, ठिपका कुठे आहे का ते त्याच दिवशी बघा. सगळी पोर्टंही त्याच दिवशी जोडून बघा. बदलून द्यायची मुदत बहुतेक ठिकाणी थोड्याच दिवसांची असते. टाळाटाळ झाली तर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५ वर तक्रार नोंदवा.

तर माझा कौल. दिवाणाच्या कोनातून चेहरे ठीक दिसले, किंवा फिरत्या ब्रॅकेटची सोय झाली, आणि सर्व्हिसचं उत्तर कराड-साताऱ्याचं आलं, तर ५५ इंची घ्या. साउंडबारसाठी लागणारे पैसे त्याच्या किमतीत घासाघीस करून काढा. यातलं एक जरी जमलं नाही तर ४३ इंचीवर लगेच जाऊ नका. त्याच नावाजलेल्या कंपनीचा ५० इंची, क्यूएलईडी नसलेला टीव्ही तुमच्या बजेटच्या आसपास मिळतो का ते बघा. तुमच्या ९ फुटांना तो शोभेल, साध्या वाहिन्या तो बहुधा जास्त नीट दाखवेल, आणि क्यूएलईडी नाही म्हणून घरात कुणाचं काही अडणार नाही.

एक राहिलं. स्टॅबिलायझर घ्यायचा का, हे तुम्ही विचारलं नाहीत, पण दुकानदार सुचवेल. आजचे बहुतेक टीव्ही १०० ते २४० व्होल्टपर्यंत चालतात, मागच्या पट्टीवर तसं छापलेलं असतं. तसं असेल तर कमी व्होल्टेजची काळजी नको. प्लगला अर्थिंग नीट आहे का ते वायरमनकडून तपासून घ्या आणि चांगला स्पाइक गार्ड, म्हणजे विजेचा अचानक आलेला झटका अडवणारा बोर्ड, लावा. वळवाचा पाऊस सुरू झाला, आभाळ कडाडायला लागलं की टीव्हीचा प्लग तर काढाच, पण बॉक्सला येणारी डिशची वायर आणि इंटरनेटची तांब्याची वायर असेल तर तीही काढा. वीज त्या वायरीतूनही आत येते आणि एचडीएमआय पोर्टासकट बोर्ड जाळते, आणि असं नुकसान वॉरंटीत धरलं जात नाही.